कंदील विझल्यावर

नानासो : अगं राजेश्वरी, ऊठ की! धाकट्या दिराचा साखरपुडा, आन् थोरली सून त्या कॉम्प्युटरच्या डब्याम्होरं. मेढ्यात पावन्यांच्या घरी नव्या पोरीची ओटी कोन भरनार? थोरल्या जावेचा मान हाय तो.

राजेश्वरी : सासूबाई भरतील, मामा. तुम्ही निघा.

शंभूराज, गाडीतनं : आबा, चला! तिचं राहू द्या, लगीन झाल्यापास्नं ऐकलंय का तिनं माझं?

नानासो : एवढं काय अडलंय?

राजेश्वरी : ब्राउझरमध्ये मला खोट सापडलीय. लोक ज्यात बँक उघडतात, त्यात. मी तक्रार केली, तर ब्राउझरची कंपनी म्हणते, पान नुसतं बंद पडतं, धोका नाही. आज संध्याकाळपर्यंत धोका दाखवला नाही, तर तक्रार निकालात.

नानासो : पडलं बंद तर परत उघडायचं.

राजेश्वरी : हरिपूरला जमिनीतलं हळदीचं पेव उघडल्यावर पहिलं काय करता?

नानासो : दोरीनं कंदील सोडतो आत.

राजेश्वरी : विझला तर?

नानासो : तर कोन उतरतंय? आत वारं न्हाई, मानूस मरतंय.

राजेश्वरी : कंपनी म्हणते, कंदील परत पेटवा आणि उतरा.

नानासो : याडी हायती का?

राजेश्वरी : ब्राउझर मेमरीतली एक जागा मोकळी करतो, पण नंतरही ती आपलीच समजून तिथलं उचलतो. मधल्या वेळेत चोरानं तिथं स्वतःचं काही ठेवलं, तर ब्राउझर तेच चालवतो. मग कॉम्प्युटर चोराच्या ताब्यात.

नानासो : आमचा अडतीवरचा बी?

राजेश्वरी : तुमचाही.

नानासो : मग दाव की त्यास्नी!

राजेश्वरी : चोरासारखं मीच तिथं काही ठेवून बघतेय; कधी साधतं, कधी पान बंदच पडतं. दर वेळी साधलं, तरच मानतील.

नानासो : आन् न्हाई साधलं तर? मानबी गेला, तक्रारबी गेली.

राजेश्वरी : साधल्याशिवाय उठत नाही.

शंभूराज, गाडीतनं : आबा, आई लय तापलीय हितं!

नानासो : थांब रं! पोरी, पावन्यांना काय सांगू? आजारी हाय म्हनू?

राजेश्वरी : ठणठणीत आहे मी.

नानासो : (फोन लावून) हॅलो, रामराम. व्हय, निघालोच. न्हाई, थोरली न्हाई येत... ओटी हिची सासू भरंल... छ्या, आजारी न्हाई वो. कामावर हाय ती.