एकोणिसाच्या खाली नाही, एकविसाच्या वर नाही

...आणि वर ताई मलाच विचारते, "मग तीस वर्षं कॉलेजात शिकवलंस काय?" थोरल्या बहिणीला काय उत्तर देणार, सांगा! तुम्हाला सांगतो, बायको गेली तेव्हा ही आली, निजायच्या खोलीतल्या दगडी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "यातूनच काहीतरी निघत असणार. नाहीतर धडधाकट बाई अशी जाते?" मी हसलो... आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतलं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र पिशवीत घालून घरी! कण आला की ते टिक करतं, मिनिटभर मोजायचं, लिहायचं. दगडातून, मातीतून, आकाशातून थोडा किरणोत्सर्ग सगळीकडे येतोच हो, पण टिक काही विचारून येत नाही! बैठकीत सोळा, तेवीस, वीस. निजायच्या खोलीत अठरा, चौदा... एकोणतीस! "बघ! तरी मी म्हणत होते!" अगं ताई, सरासरी वीस असली तरी मधूनच चौदा येणार, एकोणतीस येणार, हे मी दरवर्षी घसा फोडून शिकवतो... आणि स्वतः? स्वतः उशी उचलून बैठकीतल्या सोफ्यावर! कारण भिंतीकडे बायको झोपायची. आणि मला पंख्याखाली जागा हवी म्हणून तिला तिकडे सरकवलं कोणी? मीच ना? मग मोज पुन्हा! पाच महिने मोजतोय. टिक काही विचारून येत नाही, मी मात्र तिला विचारत बसलोय.

शेवटी लेक वैतागली. "बाबा, तुमचे कान थकलेत. जरा फिरून या, मी मोजते."

वीस मिनिटांत परत आलो, तर कागद तयार! वीस, एकवीस, वीस, एकोणीस, वीस, वीस... मिनिटाला एक असे पन्नास आकडे, वीस मिनिटांत! एकोणिसाच्या खाली नाही, एकविसाच्या वर नाही! टिक काही विचारून येत नाही, मग ही अशी शहाण्यासारखी रांगेत कुठून आली? जन्मभर असल्या वह्यांवर लाल शाईनं लिहीत आलो, 'मनाने लिहिले आहे, पुन्हा करा.'

"बरोबर आहेत ना, बाबा?" हे विचारताना ती माझ्याकडे बघत नव्हती. आईच्या उशीचा अभ्रा बदलत होती.

काय करणार? लाल पेन काढलं, 'बरोबर' लिहिलं, खाली सही ठोकली. यंत्र पिशवीत घातलं, उशी उचलली आणि खोलीत जाऊन आडवा झालो. भिंतीकडच्या बाजूला.

तुम्हाला सांगतो... तिथे पंखा अजिबात लागत नाही हो!