वजन टाकून

नाही, तुम्हीच सांगा, "वजन टाकून आवळा" म्हटल्यावर माणूस काय करेल? वजन टाकेल की नाही? मी टाकलं. चांगलं ब्याऐंशी किलो टाकलं... आणि आता म्हणे चूक माझी.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. आमच्या सासूबाईंना गाडीत चक्कर येते. मागच्या सीटवर बसतात, आणि वळण आलं की गाडीचं बूड असं झुलतं, की आरशात त्यांचा चेहरा पांढराफटक. मी म्हणतो, गाडी झुलते. आमची ही म्हणते, "गाडी नाही झुलत, तुम्ही झुलवता." वीस वर्षं चालवतोय मी, वीस. पण परवा तिने निकालच लावून टाकला. "शुक्रवारी चार वाजता आईला मणक्याच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. एका वळणावर जरी तिला चक्कर आली, तर स्टिअरिंग माझं. कायमचं."

कायमचं. ऐकलंत ना?

म्हणून मी मागच्या स्प्रिंगा आणि शॉकअप बदलायला काढले. नवे कसे, कडक, वळणावर हूं की चूं न करणारे. आमच्या मेकॅनिकला सगळे 'अर्धातास' म्हणतात, कारण इंजिन उतरवायचं असो नाहीतर आरसा पुसायचा असो, त्याचं आपलं एकच, "अर्ध्या तासाचं काम आहे, साहेब." नेमका त्याचा पाय प्लास्टरमध्ये. फोनवर म्हणाला, "घरीच करा की, मी सांगतो ना. अर्ध्या तासाचं काम."

शुक्रवारी सकाळी नऊला जॅक लावला, गाडी मागून उचलली, लोखंडी घोड्यांच्या आधारावर टेकवली, चाकं काढली. इथवर गडी खूश. मग जुना नट. तो ढिम्म हलेना. दहा वाजले... अकरा वाजले... साडेअकराला जुनी स्प्रिंग सुटली ती अशी, की माझ्या कानाजवळून सणसणत गेली आणि कुंडी फोडून थांबली. तुम्हाला सांगतो, दोन बोटं इकडे असतो तर आज हे सांगायला नसतो. आणि ही दारात.

"तिथे कुंडी होती ना?"

"कुठली कुंडी?" मी म्हटलं.

दीडला नव्या स्प्रिंगा बसल्या. पुन्हा फोन. "शाब्बास साहेब, आता खालचे दोन मोठे नट तेवढे राहिले. ते वजन टाकून आवळा." मग? पान्याला लांब पाइप जोडला आणि त्यावर दोन्ही पाय देऊन उभा राहिलो. आता याहून जास्त वजन कुठून आणू?

अडीचला चाकं लावून गाडी खाली घेतली, तर तिचं बूड हे एवढं वर. जरा ढकलली तर करकर करकर... फोन.

"साहेब, नट आवळताना चाकं जमिनीवर होती ना?"

"हवेत होती."

मग म्हणतो, "अहो, वजन गाडीचं टाकायचं. तुमचं नाही. चाकं टेकवायची, मागे माणूस बसवायचा आणि मग आवळायचं. हवेत आवळलं की आतलं रबर पिळून बसतं. सोडवा आणि परत आवळा. अर्ध्या तासाचं काम."

वाजले होते सव्वातीन. अर्धा तास होता हो माझ्याकडे, पण ब्याऐंशी किलोने आवळलेला नट सोडवणार कोण? मला खाली शिरता यावं म्हणून चाकांखाली फळ्या सारल्या, मागे सासूबाईंना बसवलं, मांडीवर पर्स, हातात रिपोर्ट, आणि मी खाली उताणा. पाइपला लोंबकळतोय, घाम डोळ्यांत जातोय, घड्याळ पुढे पळतंय... आणि वरून आवाज, "जावईबापू, निघालो का आपण?"

"निघतोच आहोत, आई."

शेवटी ही आली. म्हणाली, "सरका." पाइपवर एक लाथ घातली आणि नट सुटला. एका लाथेत. दुसऱ्यालाही तेच. गाडी टकदिशी दोन बोटं खाली आली, मी अजून खालीच, थेट माझ्या नाकावर. मग मी मुकाट्याने आवळलं. माझं वजन न टाकता.

निघालो. पहिलं वळण... आरशात बघतो, चेहरा जागच्या जागी. दुसरं, तिसरं... गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी. दवाखान्याच्या दारात मी हिला ऐकू जाईल असं विचारलं, "आई, चक्कर?"

"छे हो. वळणं कळलीसुद्धा नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "रस्त्यातला खडा न् खडा मात्र कळला. मणक्यातून."

डॉक्टरांनी तपासलं आणि मागची सीट बंद केली. पुढेच बसायचं म्हणाले. मी अर्धातासला फोन लावला. "साहेब, कडक स्प्रिंगला मागे वजन लागतं. ऐंशीएक किलो असेल तर दणके नाहीत, लोण्यासारखी चालेल."

ही माझ्याकडे बघायला लागली. वरपासून खालपर्यंत.

पैज मी जिंकलो, एवढं लक्षात ठेवा. चक्कर आली नाही. पण आता गाडी ही चालवते, सासूबाई पुढे बसतात, आणि वळण आलं की दोघी खुशाल गप्पा मारतात. इतकी वर्षं मी कुरकुरत होतो, या घरात माझं काही वजनच नाही म्हणून. आता आहे. मागच्या सीटवर, मधोमध.