मधल्या सीटवरची बाई

पवनारहून एसटी सुटली तेव्हा देवकाबाई खिडकीशी होत्या, त्यांचे यजमान कडेला. दोघांच्या मांडीवर दाट द्रवखताची एकेक कॅन, एकीत कॅल्शियम, दुसरीत सल्फेट. मधे सुलभा, दोघांनाही अनोळखी.

"सरकू नका इकडे. तुमचं झाकण गळते," देवकाबाई सुलभावरून वाकून यजमानांना म्हणाल्या.

"थेंबभर गळलं तं काय होते व?"

"मागच्या वेळी कॅल्शियम अन् सल्फेट एकाच बादलीत ओतलं तुम्ही. पांढरा चुना बसला खाली! नुसत्या खतपाण्यावरची, बिनामातीची टमाट्याची साठ झाडं उपाशी पिवळी पडली. आता इतकंच खत उरलं."

"मंग टाकीत दोन्ही काऊन टाकतो आपण?"

"तिथं दोनशे लिटर पाणी राह्यते. पातळ झाले का भांडत नाईत."

"आपल्या दोघांसाठीबी घरी अशी टाकी पायजे होती."

सुलभाचा थांबा आला. ती उठली.

"बसा ना बाई, आमच्या मधात! वर्ध्यापर्यंतचं तिकीट हे काढतीन."