वच्छीचे हात

मी नाचणगावची. पुलगावाले लागूनच गाव. बाबाचं कापडाचं दुकान, समोर दुकान अन् मागं घर, अन् आमी दोघी बहिनी, मी मोठी, इंदू, अन् माह्या पाठची वच्छी. वच्छीले जन्माचंच आयकू येत नोतं. तवा गावात सरळ मुकीच मनत, दुकानदाराची मुकी. वाईट मनून नाई, नावच ते.

पन मुकी काह्याची हो, दिवसभर बडबड करे, हातानं. कोनी शिकवलं नोतं, आमचं आमीच बनवलं. माय मंजे नाकाजवळ चिमूट, तिची नथ. बाबा मंजे हात लांबवून कापड मोजनं. मी मंजे गालावर बोट, हा पाहा तीळ. आमची एक आत्या होती खानारी, ते आली का वच्छी गाल फुगवून पोटावरून हात फिरवे, मी हासली का माय मलेच धपाटा घाले, काऊन हासून राह्यली मने. काय सांगू तुमाले, घरात सगळ्यात जास्त बोलनारी वच्छीच होती.

गावच्या मास्तरानं शाळेत घेतलं नाई तिले. हिले काय शिकवू, मने, घरीच ठेवा. मंग, पन्नासच्या पुढचे ते वर्सं, बाबाले एका व्यापाऱ्यानं सांगतलं का शहरात मुक्या-बहिऱ्या लेकराईची शाळा हाये, तिथं बोलाले शिकवतात. बाबाचं जेवनात ध्यान राह्यलं नाई. माय मने एवढीशी पोट्टी, भेली तर सांगन कोनाले. बाबा मने, आपन मेल्यावर सांगन कोनाले? मंग मायनं तिचे कपडे बांधाले घेतले. पुलगाव टेसनावरून नेलं तिले. गाडी निंगाली अन् वच्छी खिडकीतून हातानं मले इचारत होती, तू काऊन नाई चढली.

तिथल्या बाई चांगल्या होत्या, वाईट सांगनार नाई मी. वच्छीचा हात आपल्या गळ्यावर ठेवत, आवाजाची थरथर समजाले पायजे मनून. मेनबत्ती पेटवून प मनाले लावत, ज्योत हालली का बरोबर. पन त्याईचा एक नेम होता, हातानं बोलाचं नाई. हात चालले का तोंड चालत नाई, मने. बाबालेबी सांगतलं, घरी तसंच करजा, नाईतर शिकवलेलं वाया जाईन.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आली. दुकानात उभी राहून बाबा मनलं तिनं. घोगरं, तुटकं, पन बाबा. बाबा हातातलं कापड सोडून रडाले लागले, गिऱ्हाइकासमोर. मंग काय, सगळ्या घराले हुकूम झाला, वच्छीनं हातानं पानी मांगतलं तर द्याचं नाई, तोंडानं मनन तवाच द्याचं. माय गिलास भरून उभी राहे. पोट्टी पाहे गिलासाकडं. शेवटी मने, पा-ई. शेजारचेबी तसंच करत. चांगलं व्हावं मनूनच करत सगळे.

मी तिले मागच्या आंगनात नेलं अन् हातानं इचारलं, तिथं जेवाले काय देतात? तिनं माहे दोन्ही हात धरले अन् खाली केले. रागानं नाई, शाळेतल्या बाईनं करावं तसं. अन् तोंडानं काईतरी बोलली, ते मले समजलं नाई. मले लय राग आलता. आता येत नाई. आता काईच येत नाई.

शिकली वच्छी. नाव लिवे, शिवनकाम करे, शहरातच मशिनीवर जलमभर पोट भरलं तिनं, कोनावर ओझं झाली नाई. बाबानं केलं ते बरंच केलं. पन तिचं बोलनं अर्धं लोकाईले समजत नसे, मंग कमी बोलाले लागली. माय गेली तवा आली, कोपऱ्यात बसली, अन् परत गेली. लग्न नाई झालं. माहे मालक वारल्यावर मी तिले वर्ध्याले आनलं, आता दोघी म्हाताऱ्या एका खोलीत हावो.

जोरानं बोला जरा. माहेबी कान गेले आता. तुमचा आवाज खडा हाये मनून थोडंसं येते, तिचा येतच नाई. देव तुमचे कान धड ठेवो. वच्छी समोर बसून बोलते, मी तिच्या ओठाकडं पाह्यतो, पन ओठावरचं मले समजत नाई, मले कोनी शिकवलं नाई. परवा मी हातानं इचारलं, चहा ठेवू का. समजलं तिले. पन मांडीवरचा हात उचलला नाई, तोंडानंच काईतरी बोलली. हो मनली का नाई मनली, कोनाले मालूम. मी उठून चहा ठेवला. पेली तिनं, मंजे हो मनली असन.