चंद्र ओढणाऱ्याविरुद्ध लेख

युएरोंग : पक्षातल्या वरच्यांनी मारलं माझ्या बापाला, मियाओकाका. असलं गुळमुळीत लिहू नका. छत्तिसाव्या वर्षी मारला आणि शहात्तराव्या वर्षी नेऊन जाळला, एवढाच फरक.

मियाओ : हळू बोल, पोरी. शेजारच्या टेबलावर माणसं आहेत.

युएरोंग : ऐकू देत. त्यांच्या माहजोंगच्या सोंगट्यांच्या खडखडाटात बंदूक झाडली तरी कळायचं नाही. बाबांच्या पुस्तकाला लिहिलेल्या तुमच्या प्रस्तावनेतलं वाचून दाखवू? ‘काही काळ कांग देशुई यांचे लेखन थांबले.’ काही काळ! चाळीस वर्षं! अंगात ताकद होती तोवर बाबांनी काचेच्या कारखान्यात बल्ब फुंकले आणि फाटकाजवळच्या फळ्यावर सूचना लिहिल्या. ‘भट्टीपाशी उघड्या पायांनी उभे राहू नये.’ ज्यानं कथेत चंद्र खाली ओढून नदी वाळवंटात चढवली, त्यानं!

मियाओ : सूचनासुद्धा सुरेख लिहायचा.

युएरोंग : थट्टा करता?

मियाओ : नाही गं. मुद्दाम बघायला गेलो होतो एकदा. फाटकाबाहेरूनच. आत जायचा धीर झाला नाही.

युएरोंग : का?

मियाओ : चहा घे. निवतोय.

युएरोंग : चहा राहू द्या. सोमवारी पुस्तक छापायला जाणार. आता विज्ञानकथेला बरे दिवस आलेत ना! तेच वरचे आता संमेलनं भरवतात, यंत्रमानवाच्या हातून हार घालून घेतात. त्यांना मेलेला लेखक हवाय. जिवंत होता तेव्हा नको होता. देते मी त्यांना. पण प्रस्तावनेत एक नाव आलं पाहिजे. झेंग यान.

मियाओ : ते टोपणनाव होतं.

युएरोंग : माहीत आहे. त्र्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात, तुमच्याच मासिकात. ‘चंद्र ओढणाऱ्याला जनतेने काय द्यावे?’ मी नऊ वर्षांची होते. शाळेत बाईंनी तो लेख मोठ्यानं वाचला आणि सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला. त्या टोपणनावामागं कोण होतं?

मियाओ : तेव्हा असले लेख खऱ्या नावानं कुणीच लिहीत नसे.

युएरोंग : मला वाटतं, तुम्हीच.

मियाओ : मी? मला इतकं चांगलं लिहिता आलं असतं तर संपादक कशाला झालो असतो?

युएरोंग : मग कोण? त्याला पान एकेचाळीस माहीत होतं. भरतीच्या हिशेबात बाबांनी एक शून्य जास्त धरलं होतं. ती चूक तुम्हाला दिसली नाही, विद्यापीठातल्या पंडितांना दिसली नाही. झेंग यानला बरी दिसली! त्या एका शून्यावरून बाबांना जनतेला फसवणारा ठरवलं. एवढं खोल वाचणारा कोण होता, काका? मला त्याचं नाव छापायचंय. मेला असेल तर त्याच्या पोरांना वाचू दे.

मियाओ : छापू नकोस.

युएरोंग : म्हणजे माहीत आहे तुम्हाला.

मियाओ : युएरोंग, तू घरी जा. मी प्रस्तावना नव्यानं लिहून देतो. ‘काही काळ’ काढून टाकतो.

युएरोंग : नाव.

(मियाओ पिशवीतून एक पिवळी पडलेली फाइल काढतो आणि तिच्यापुढे सरकवतो.)

मियाओ : मूळ हस्तलिखित आहे. चौकटींचा कागद. अक्षर बघ.

युएरोंग : हे… अक्षरं उजवीकडे चौकटीबाहेर कलतात. हे बाबांचं अक्षर आहे. ही कथा असणार. लेख कुठाय?

मियाओ : मथळा वाच.

युएरोंग : नाही.

मियाओ : वरून फोन आला होता. पुढच्या अंकात त्या कथेवर टीका आली पाहिजे, नाहीतर पुढचा अंकच नाही. मी दोन प्राध्यापकांकडून लेख मागवले. दोघेही भले. तुझ्या बाबांवर जीव त्यांचा. लिहिलं काय, तर कांग यांनी थोडा अभ्यास वाढवावा. तुझे बाबा सायकलवरून आले, दोन्ही लेख वाचले आणि असे चिडले! म्हणाले, “यांना वाचतासुद्धा येत नाही. माझी कथा कुठं कच्ची आहे ते मला विचारा.” माझ्याच टेबलावर बसून एका दुपारी लिहिला. मधेमधे हसत होते. मला थट्टेनं म्हातारबा म्हणत. म्हणाले, “म्हातारबा, मासिक तगलं म्हणून समज.”

युएरोंग : स्वतःविरुद्ध?

मियाओ : स्वतःविरुद्ध लिहायची सवय होती गं आमच्या पिढीला. शाळेत, कारखान्यात, सभेत, सगळ्यांनी आत्मटीका लिहिलेल्या. त्याला वाटलं, ही आणखी एक. फक्त ही चांगली लिहू. आणि तीच चूक झाली. वरच्यांना लेख इतका आवडला की प्रांतोप्रांतीच्या वर्तमानपत्रांत छापून आणला. टीका कशी करावी, याचा नमुना म्हणून. उन्हाळ्यापर्यंत आमच्यासकट चार मासिकं बंद. त्या लेखातली वाक्यं घेऊन दुसऱ्या लेखकांना सभांमध्ये उभं केलं. ल्याओयांगच्या, कथा लिहिणाऱ्या एका शाळामास्तराची नोकरी गेली. त्यानं तुझ्या बाबांनाच पत्र लिहिलं : आपण दोघे एकाच माणसाचे बळी, हा झेंग यान मला सापडला तर नरडं दाबीन.

युएरोंग : बाबांनी उत्तर दिलं?

मियाओ : दर नववर्षाला पत्र पाठवत. मास्तर मरेपर्यंत. खरं कधी कळवलं नाही. त्या लेखानंतर कथेची एक ओळ लिहिली नाही तुझ्या बाबांनी. तू म्हणतेस वरच्यांनी मारलं. मारलंच. पण हत्याराला धार यानं लावून दिली, आणि ते त्याला माहीत होतं.

युएरोंग : मी चाळीस वर्षं त्या माणसाला शिव्या घातल्या. जेवताना. बाबांच्या समोर बसून.

मियाओ : तो काय म्हणायचा?

युएरोंग : माझ्या वाटीत मासा वाढायचे.

मियाओ : म्हणून म्हणतो, छापू नकोस.

युएरोंग : थांबा. वरच्यांनी फोनवर नेमकं काय सांगितलं होतं? शब्द सांगा.

मियाओ : इतक्या वर्षांनी…

युएरोंग : तुम्हाला आठवतंय. बाबांचं हसणं आठवतं, हेही आठवतं.

मियाओ : म्हणाले, काहीतरी छापा. टीका दिसली म्हणजे झालं.

युएरोंग : काहीतरी. म्हणजे त्या भल्या प्राध्यापकांचा लेखसुद्धा चालला असता?

मियाओ : कदाचित. कोण सांगणार? तुझ्या बाबांचा समोर आला आणि… फार चांगला होता गं तो. मी संपादक होतो.

युएरोंग : बाबांच्या प्रत्येक कथेवर तुमची लाल पेन्सिल चालली आहे. तीन-तीन पानं कापायचात, ते घरी येऊन कुरकुरायचे. या कागदांवर लाल रेघ एक नाही. ते दोन मवाळ लेख तुमच्या खणात होते, काका. त्यातला एक का नाही छापलात? खाली बघू नका. सोमवारपर्यंत वेळ आहे, मी इथंच बसते. का नाही छापलात?