राखणदाराच्या सात सिगारी

नको, वर्षालीताई, ती पेटी उघडू नको — म्हणजे उघड, आतलं तुझ्याच बाबांचं आहे, पण आधी बस ना जरा, पुण्याहून एवढा प्रवास करून आलीस. काका रिक्षातच बसलेत ना? गुडघ्याचं ऑपरेशन म्हटल्यावर उतरायला त्रास होणारच. पेटी कुठे पळून जात नाही. आतल्या सिगारी पळून गेल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं.

मे महिन्यात तुकाकाका तुझ्याकडे निघाले तेव्हा स्वतः डबा घेऊन आले. "अक्षया गो, तू शिकलंस, तुका सगळां कळता. ह्यो सांभाळ. पेरणीक एक राखणदाराक पेटव." जहाजावर सारंग होते ना, शेवटच्या सफरीत आणलेल्या, पंचवीसातल्या सात उरलेल्या. तीन-तीनदा बजावलं त्यांनी — आधी चार दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेव, किड्याची अंडी असतील ती मरतात, मग घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, आणि मसाल्याजवळ अजिबात न्यायच्या नाहीत. मी काय केलं? बर्फाच्या कप्प्यात आईचे बांगडे — म्हटलं, सिगारीला बांगड्याचा वास लागला तर शेताचा देव असून राखणदार बांध सोडून पळेल. हसलीस ना? मीपण हसले होते. आणि प्लास्टिक माझ्या घरात चालत नाही, हॉलंडहून शिकून परत आले ती गावाला हेच सांगायला — डबा टाकून दिला, फणसाच्या लाकडाची ही पेटी करून घेतली, आणि ठेवली कुठे? माझ्या बिनफवारणीच्या हळदीच्या पोत्यांवर. कोरडी, उबदार जागा. किड्यालाही तशीच लागते.

हळदीतला किडा तोच तंबाखूतला — तपकिरी, तिळाएवढा. मला माहीत नव्हतं असं समजू नको, यावर परीक्षा दिली आहे मी. आषाढात पेटीवर दोन दिसले. आणि मी — हे कुणालाच बोलले नाही, आईलासुद्धा — पेटी हलवली नाही. बघितलं, आणि खोलीचं दार ओढून घेतलं. म्हटलं, तंबाखू तर आहे, खाऊ देत. सत्तरीचा माणूस, छातीत विष भरतोय, तेवढ्या कमी ओढेल. बरंच वाटलं मला, कुणाचा तरी जीव वाचवल्यासारखं —

काय? कधीच ओढली नाही? एकही नाही? मग आधीच्या अठरा —

सगळ्या राखणदाराला. दर पेरणीला एक. मला वाटलं, एक त्याला आणि बाकीच्या स्वतःला. कोणीही तसंच — नाही, कोणीही नाही, मलाच वाटलं. विचारलं का मी? गावाला शिकवायला आले होते ना, विचारायला कुठला वेळ.

आणि तो फोन — तू होतीस का तेव्हा जवळ? जूनमध्ये, ऐन पेरणीत, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. "दिलंस मा गो राखणदाराक?" मी म्हटलं, दिली काका. पेटवून दिली. "मगे बरां झालां. आता डॉक्टर कापूंदेत खुशाल." अंगणाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं मी, ताई. तेव्हा सातही धड होत्या! एक काडी ओढायची होती फक्त. पण मी असलं काही मानत नाही ना — खोटं बोलणं मात्र चाललं मला.

उघड आता. बघ, सुई टोचल्यासारखी भोकं, हातात घेतली की भुसा. ही एक धड दिसते ना? नीट बघ, कागद चिकटवलाय डिंकाने, वर हळद आणि काथ चोळून रंग दिलाय. तुम्ही गणपतीला येताय कळलं तेव्हा बसले हे करायला. हीच त्यांच्या हातात ठेवणार होते, आणि वर पाया पडणार होते.

काय म्हणतेस, आत्ता? घरी न जाता आधी बांधावर? बरे होऊन आले म्हणून त्याला आणखी एक द्यायची आहे त्यांना?

दे ती पेटी इकडे. नाही, तू नको सांगू. तू सांगितलंस तर ते म्हणतील, पोर आसा, चुकता — तसं नको मला. दे म्हणते ना. तू इथेच बस, पंखा लाव. मी एकटी जाते रिक्षापाशी.