पांढरी, बारीक फुली

(तिसगावात आदिनाथचं घर, दुपारची वेळ. संगणकावर नेमबाजीच्या गेमचं सरावाचं मैदान उघडलेलं. पडद्याच्या मधोमध नेम धरायची फुली, म्हणजे क्रॉसहेअर. शेजारी त्याच्या टीममधली अनन्या.)

अनन्या : आता? क्रॉसहेअर हिरवा केला. दिसतोय?

आदिनाथ : दिसतोय. पर मागं उजळ भिंत आली की इरघळून जातो.

अनन्या : मग जाडी वाढवते. दोनची चार.

आदिनाथ : चार? अगं, एवढ्या जाड रेघेमागं समोरच्याचं डोकंच झाकून जाईल. नेम धरायचा कशावर?

अनन्या : एकदा मारून तर बघ. हे सरावाचे पुतळे आहेत, पळणार नाहीत.

आदिनाथ : हुकली. हुकली. हं, ही लागली. हुकली.

अनन्या : उजवा डोळा झाकून बघ ना.

आदिनाथ : डाव्याला काय दिसतंय? तो लहानपणापासनंच अधू. जे काय हुतं ते उजव्याचं हुतं. ज्वारी काढताना डोळ्यात पान फिरलं, अन् नेमकं त्याच्याच बुबुळावर पांढरं फूल पडलं. त्याच दिशी दवाखान्यात जायचं, तर मी चार दिस मेडिकलमधले थेंब घालत बसलो.

अनन्या : पुण्याचे डॉक्टर काय म्हणाले?

आदिनाथ : नवं बुबुळ बसवावं लागंल. कुनी नेत्रदान केलं की मग. नाव नोंदवलंय. पर ती वाट बघायची बी लाज वाटती गं. कुनाची वाट बघतोय आपन?

अनन्या : असं नको बोलूस.

आदिनाथ : बरं, तू कशाला आलीस ते सांग. कॅप्टननं धाडलं ना?

अनन्या : हो. वाल्मिकनंच. त्याला शुक्रवारपर्यंत पाच जणांची नावं कळवायची आहेत. रविवारी पुण्यात मॅच आहे.

आदिनाथ : सहा म्हयनं माझ्या जागी तू खेळतीस. तुझंच दे की.

अनन्या : मी फक्त जागा धरून ठेवलीय. म्हणून तर आले. म्हटलं, रंग बदलू, जाडी बदलू, काहीतरी जमेल.

राहीबाई : (आदिनाथची आई, चहा घेऊन येत) चहा घे पोरी. शेवगाववरनं एष्टीनं आलीस, अन् आल्यापासनं ह्याच्याच मागं लागलीस.

अनन्या : काकू, हा रोज सराव करतो ना?

राहीबाई : कशाचा सराव? सकाळी उठला की ते मशीन चालू करतो. पडद्यावर ती पांढरी फुली असती बघ, बारीक, तिच्याकडं बघत बसतो. एक गोळी मारत न्हाई. इचारलं, बाबा, काय बघतोस? तर म्हनतो, कालच्यापेक्षा बरं दिसतंय का ते बघतो.

आदिनाथ : आई, तू आत जा बरं.

राहीबाई : जाते की. पोटचं लेकरू हाय, मला दिसत न्हाई व्हय?

अनन्या : आदिनाथ, खरंच बरं दिसतं कधी?

आदिनाथ : पयले दोन म्हयने वाटायचं. आता न्हाई वाटत. तरी बघतो.

अनन्या : मला बोलला नाहीस कधी.

आदिनाथ : काय बोलायचं? जिंकलेल्या मॅचा मला आठवत बी न्हाईत. त्यो एक क्षन आठवतो. समोरचा अजून कोपऱ्यातनं बाहेर यायचाय, अन् आपली फुली आधीच तिथं जाऊन थांबलीय. हात एकदम हलका हुतो. तसा हलका हात पुन्हा कशातच झाला न्हाई.

अनन्या : पिवळा बघूया. जांभळाही राहिलाय.

आदिनाथ : अनन्या, राहू दे.

अनन्या : दोनच रंग आहेत.

आदिनाथ : राहू दे म्हनतो ना. शुक्रवारी तुझं नाव द्या. मी वाल्मिकला फोन करतो. हितं बस तू, माऊस घे. तुझा क्रॉसहेअर कसला हाय?

अनन्या : हिरवा. मोठा, मधे टिंब.

आदिनाथ : म्हनून तुझे लांबचे हुकतात. त्या टिंबाखाली मानूस दडतो. माझा लाव. रंग पांढरा. जाडी एक, लांबी चार, मधली फट दोन. टिंब बंद.

अनन्या : तुझा नको. तो तुझाच राहू दे.

आदिनाथ : मला दिसला असता तर दिला असता व्हय? लाव.

अनन्या : लावला.

आदिनाथ : मला नुसती मागची भिंत दिसती. तुला दिसतोय?

अनन्या : दिसतोय.

आदिनाथ : कसा?

अनन्या : चार रेघा. केसाएवढ्या बारीक. मधे इतकी मोकळी जागा आहे, की पलीकडचं सगळं दिसतंय. दाराची कड. तिच्यावरचा उडालेला रंगसुद्धा.

आदिनाथ : व्हय. निळा रंग हाय तिथं.

अनन्या : निळाच आहे. अजून सांगू?

आदिनाथ : सांग. घाई करू नको.